मिठाचं पाणी आधी

सोळा स्लाइड्स मी चार दिवसांत मोजल्या आणि त्यातल्या एकाही आकड्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या दोन दिवसांत आमच्याकडे प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीवर शंका घेतली. माझ्या मोजणीवर मात्र कुणी बोट ठेवलं नाही.

मोजायचं काय होतं? उंदराच्या फुप्फुसात जाणाऱ्या नळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. निरोगी उंदरात ते अगदी शिस्तीत दिसतं. एकमेकींना खेटून उभ्या पेशी, बऱ्याच जणींच्या डोक्यावर बारीक केस, आणि ते केस सतत हलून धूळ वर ढकलत राहतात. अॅलर्जीने सूज आली की या अस्तराचा नूरच पालटतो. ते जाड होतं, आणि कालपरवापर्यंत दुसरंच काम करणाऱ्या काही पेशी आपला पेशा सोडून चिकट कफ बनवायला लागतात. कफाने फुगून त्या पेल्यासारख्या दिसतात, म्हणून त्यांना चषकपेशी म्हणतात. एका ठरावीक रंगात स्लाइड बुडवली की त्यांच्या पोटातला कफ किरमिजी होतो आणि त्या दुरूनही ओळखू येतात. निरोगी नळीत शंभर पेशींमागे अशी एखादी सापडली तर सापडली. अॅलर्जी झालेल्या उंदरात पन्नास-साठ सापडतात. दम्याच्या माणसाला श्वास अडकल्यासारखं होतं, त्यात या पेशींचाही वाटा असतो.

पुढच्या वर्षी बाईंना एका औषधाची चाचणी करायची होती. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्याआधी त्यांना एवढंच दाखवायचं होतं की आमच्या हातून ही सूज दर वेळी सारखीच येते, आणि जिथे यायला नको तिथे येत नाही. त्यासाठी सोळा उंदीर घेतले. सगळ्यांना अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन दोनदा टोचलं, म्हणजे त्यांचं शरीर त्या प्रथिनाला शत्रू मानायला शिकलं. मग दोन आठवड्यांत सहा दिवस त्यांना एका पारदर्शक पेटीत ठेवून नेब्युलायझरने वाफारा दिला. आठ जणांना अंड्याच्या प्रथिनाचा, आठ जणांना नुसत्या मिठाच्या पाण्याचा. पेटीत एका वेळी चार मावतात, पिंजऱ्यातही चारच. म्हणजे चार पिंजरे: अंड्याचे दोन, त्यांना लाल कार्ड, मिठाचे दोन, त्यांना पांढरं कार्ड.

वाफारा मी दिला. स्लाइड्स मीच मोजल्या, पण नंबर झाकून. कोणती स्लाइड कुणाची हे एका बंद पाकिटात होतं. मंगळवारी सकाळी बाईंनी ते पाकीट फोडलं.

लाल कार्डाचे आठही जण पन्नास-साठच्या घरात होते. मला ते अपेक्षितच होतं. पांढऱ्या कार्डाचा दुसरा पिंजरा तीन, दोन, चार, दोन. आणि पांढऱ्याचा पहिला पिंजरा चौदा, अकरा, सोळा, बारा.

"सरासरी तेरा पॉइंट दोन पाच," आमचे सीनियर म्हणाले. यांना आम्ही पाठीमागे दशांश म्हणतो. चहात साखर किती, असं विचारलं तरी ते दशांश चिन्हासकट सांगतात.

"हे शून्याच्या जवळ हवं होतं," बाई म्हणाल्या. "तू परत मोजशील?"

"मोजीन, पण हेच येईल," मी म्हटलं. "सोळा नंबरच्या स्लाइडवर मोठ्या नळीच्या वळणावर ओळीने सात आहेत. डोळे मिटूनसुद्धा दिसतात मला."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि म्हणाल्या, "खरं आहे. यांना कुठूनतरी अंडं मिळालंय."

"कुठूनतरी म्हणजे काय बाई, पिंजरे बदलले गेलेत," दशांश म्हणाले. "शेवटच्या आठवड्यात मामांनी मांडणी धुवायला काढली होती. तेव्हा कार्डं काढली आणि परत लावली. एक-दोन दिवस कार्डांची अदलाबदल झाली असणार. पूर्वीही झालीय."

"चार वर्षांपूर्वी, एकदा," बाई म्हणाल्या.

"तेव्हा त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं."

मामा म्हणजे आमचं प्राणीघर सांभाळणारे. ते नेमके कुणाचे मामा हे कुणालाच ठाऊक नाही. बाईंचेही मामा, दशांशांचेही मामा आणि गेटवरच्या वॉचमनचेही. बावीस वर्षं ते त्या खोल्या सांभाळताहेत. भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, खोलीचं तापमान दिवसातून तीनदा लिहिणं. त्यांचे स्वतःचे नियम आहेत आणि ते कुठेही लिहिलेले नाहीत. पिंजऱ्यासमोर शिट्टी वाजवायची नाही. अत्तर लावून आत यायचं नाही. भुसा बदलला की तासभर उंदराला हात लावायचा नाही, कारण नवीन घरात आलेल्या माणसाला लगेच कामाला जुंपत नाहीत. तेव्हा त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन होतं.

दुपारी बाईंनी त्यांना बोलावलं. मी तिथेच होते. दशांशांनी समजावून सांगितलं, आवाज न चढवता, आणि म्हणूनच ते ऐकायला जास्त वाईट वाटलं. एक जबाब टाइप करायचा: कार्डं लावताना चूक झाली असावी. त्यावर मामांची सही. प्रयोगाच्या कागदात तशी नोंद. आणि मामांनी यापुढे काचसामान धुण्याच्या खोलीत काम करायचं, जिथे कार्डं वाचावी लागत नाहीत.

"पगार तोच राहील," दशांश म्हणाले.

मामांनी खांद्यावरचा पंचा काढून उगाच घडी घातली. "पगाराचं कोण बोलतंय," ते म्हणाले. मग बाईंकडे बघून, "झालंही असेल बाई. लाल आणि पांढरं मला कळतं. पण सकाळी उजेड डावीकडून येतो. झालं असेल. माझ्याच हातून झालं असेल. उद्या करतो सही."

मला ते ऐकवेना. कुणी माझ्यावर आळ घेतला असता तर मी खोली डोक्यावर घेतली असती. हा माणूस न केलेल्या गोष्टीला मान डोलवत होता.

"अदलाबदल झालेलीच नाही," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?" दशांश.

"पेशी सांगतात ना. एक पांढरा पिंजरा लालच्या जागी गेला, तर एक लाल पिंजरा पांढऱ्याच्या जागी जायला हवा. त्याला दोन दिवस अंडं मिळालं नसतं. मग त्याचे आकडे खाली यायला हवेत. आलेत का? एकोणपन्नासच्या खाली कुणी नाही."

"चार दिवस मिळालं तेवढं पुरे असेल."

"बरं. मग दुसरा पांढरा पिंजरा बघा. तीन, दोन, चार, दोन. आधीच्या तीन प्रयोगांत पांढऱ्यांमध्ये शून्य आणि एक सोडून कधी काही आलंय? मी जुन्या वह्या काढल्यात. नाही आलं. म्हणजे थोडं अंडं दुसऱ्या पिंजऱ्यालाही मिळालं. एका पिंजऱ्याच्या अदलाबदलीने दोन पिंजरे कसे बिघडतील?"

"दोन पॉइंट सात पाच हा काही फरक झाला नाही."

"तुम्हीच म्हणताय? तुम्ही?"

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पण त्या म्हणाल्या, "तुझा मुद्दा चांगला आहे, पण अर्धा आहे. अदलाबदल नाही, तर मग काय? उंदरांनी बाजारातून अंडी आणली? कारण असल्याशिवाय मी ते कागदात लिहू शकत नाही. उद्या अकरा वाजता आपण इथेच भेटू. तोपर्यंत दुसरं कारण मिळालं तर घेऊन ये. नाहीतर मामांची सही घ्यावी लागेल."

बाहेर व्हरांड्यात मामांनी मला गाठलं. "मोजणीबाई," ते म्हणाले. माझं नाव त्यांनी पहिल्या आठवड्यातच बदलून टाकलं होतं. "कशाला भांडतेस? तिकडे काच धुवायची. काचेला काही होत नाही, तिला भूक लागत नाही. बरंच आहे."

"मामा, तुम्हाला खरंच वाटतं का की तुमच्या हातून झालं?"

त्यांनी पंचा परत खांद्यावर टाकला. "चार वर्षांपूर्वी मला खात्री होती की मी नाही केलं," ते म्हणाले. "आणि मीच केलं होतं. तेव्हापासून खात्री म्हणून काही उरलेली नाही."

मला मात्र खात्री होती. मी कारण शोधणारच होते. घरी जाताना रस्त्याने मी यादी केली: खाद्यात अंडं आलं का? नाही, एकाच पोत्यातलं सगळ्यांना. हवेतून? चारही पिंजरे एकाच मांडणीवर, मग दोनच का आणि कमीजास्त का? मामांच्या हातमोज्यांना लागून? ते प्रत्येक पिंजऱ्याला मोजे बदलतात, या बाबतीत मीच त्यांच्याकडून शिकले. एकेक कारण मी खोडत गेले आणि खोडताना मला बरं वाटत गेलं. घरी पोचेपर्यंत यादी संपली होती, आणि तरी मी खुशीत होते, कारण प्रत्येक खोडलेल्या कारणाने मी खऱ्या कारणाच्या एक पाऊल जवळ आले, असं मला वाटत होतं.

घरी बाबा घड्याळ उघडून बसले होते. ते घड्याळं दुरुस्त करतात. दुकान बंद झालं तरी एखादं घरी घेऊन येतात आणि जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू अडवतात. तरुणपणी व्यायामशाळेत जायचे, तेव्हापासून संध्याकाळी दुधात अंडं फेटून पितात. तब्येत आता व्यायामशाळेची राहिलेली नाही, दूध-अंडं तेवढं टिकलंय.

मी ओट्यावरचा स्टीलचा पेला घेतला, नळाखाली दोनदा विसळला, त्यात चहा ओतला आणि एक घोट घेऊन थांबले.

"ई! याला अंड्याचा वास येतोय."

"बाबांचा पेला घेतलास ना?" आई आतून म्हणाली. ती चादर शिवत होती, मशीन थांबलं नाही. "कसा धुतलास?"

"विसळला की. दोनदा."

"नुसत्या पाण्याने? अंडं कधी नुसत्या पाण्याने जातं होय? साबण लावून घासावं लागतं. एवढी शिकलीस, सोळा-सोळा उंदीर कापतेस, आणि पेला धुता येत नाही!"

"आई, उंदीर मी कापत नाही, मी मोजते."

"मग पेले पण मोज. एक बाबांचा, बाकीचे आपले."

बाबा भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "आम्हाला वाळीत टाकलंय या घरात."

मी हसले, आणि हसता हसता माझं हसू कुठेतरी अडकलं. पेला हातात तसाच होता. नेब्युलायझरलाही एक पेला असतो. अंगठ्याएवढा, प्लॅस्टिकचा. त्यात जे ओताल त्याची वाफ होते.

पहिल्या दिवशी मला शिकवलेला नियम असा होता: मिठाचं पाणी आधी, अंडं नंतर. आधी दोन्ही पांढरे पिंजरे, मग दोन्ही लाल, मग पेटी, नळी आणि पेला साबणाच्या पाण्यात भिजवून, ब्रशने घासून, तीनदा खळबळून ठेवायचे. मी नियम पाळले होते. सहापैकी चार दिवस.

पिशवीतून मी माझी वही काढली. मला वही वाचायची गरज नव्हती, पण मी वाचली. प्रत्येक पिंजऱ्यासमोर मी पेटीत घातल्याची आणि काढल्याची वेळ लिहिते, मिनिटासकट. पाचवा वाफारा, गुरुवार: लाल एक, दहा वाजून पाच मिनिटं. लाल दोन, दहा पन्नास. पांढरा एक, अकरा चाळीस. पांढरा दोन, बारा वीस. समासात माझ्याच अक्षरात: "पांढऱ्यांचा भुसा आत्ताच बदलला. तासभर थांबायचं म्हणून लाल आधी घेतले. पेला विसळला."

विसळला. दोनदा, नळाखाली, आजच्यासारखाच.

सहावा वाफारा, शनिवार. पुन्हा लाल आधी. शनिवारी भुशाचंही कारण नव्हतं. गुरुवारी काही बिघडलेलं दिसलं नाही, आणि शेवटी मिठाचं पाणी फिरलं की पेला आयताच धुतला जातो आणि घासायचं काम अर्ध्यावर येतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मला लवकर निघायचं होतं.

सगळं जागच्या जागी बसलं. पेल्यात उरलेलं अंडं मिठाच्या पाण्याबरोबर आधी पहिल्या पांढऱ्या पिंजऱ्याला गेलं. त्यांच्या शरीराला ते प्रथिन ओळखीचं होतंच, थोडंसंही पुरलं. उरलंसुरलं दुसऱ्या पिंजऱ्याला गेलं. तेरा आणि पावणेतीन. लाल पिंजऱ्यांना काहीच फरक पडला नाही, कारण त्यांचं काही बदललंच नव्हतं. इतकं सुंदर उत्तर मला आजवर कधी मिळालं नव्हतं, आणि ते मिळताच माझे कान तापले.

हे फक्त मला माहीत आहे, हेही लगेच लक्षात आलं. वही माझीच होती. उद्या अकरा वाजता सही झाली असती, मामा काच धुवायला गेले असते, आणि माझ्या नावाला कुणी धक्का लावला नसता. हा विचार आला, हे मी नाकारत नाही. पण मी दिवसभर त्या माणसासमोर पेशी खरं सांगतात म्हणून भाव खाल्ला होता. पेशींनी खरंच सांगितलं होतं. आता मी गप्प बसले असते, तर मला पुन्हा मायक्रोस्कोपपाशी बसता आलं नसतं.

"चहा टाकून दे," आई दारात येऊन म्हणाली. "काय झालं? चेहरा का उतरला?"

"पेला नीट धुतला नाही."

"अगं, त्यात काय एवढं? मी बोलले म्हणून रुसायचं?"

"तू बोललीस ते बरं झालं," मी म्हटलं आणि पेला घासला. साबण लावून.

सकाळी साडेसातला मी प्राणीघरात होते. मामा आधीच आलेले. ते सामान आवरत होते: दोन पंचे, चष्म्याचं घर, तापमान लिहायची जुनी पेन्सिल. बावीस वर्षांचं सामान एका पिशवीत मावत होतं.

"मामा, पाच मिनिटं या माझ्याबरोबर. काहीतरी दाखवायचंय."

"मला काय दिसणार?"

"हे दिसेल."

आमच्याकडे एक तपकिरी रंगाचं द्रावण आहे. त्यात प्रथिन पडलं की ते निळं होतं. जितकं जास्त, तितकं गडद. मी नेब्युलायझरच्या पेल्यात अंड्याचं प्रथिन ओतलं, अर्धा तास वाफारा चालू ठेवला, मग पेला नळाखाली दोनदा विसळला, त्या गुरुवारसारखाच. त्यात मिठाचं पाणी भरलं, जरासं फिरवून त्याचे चार थेंब एका नळीत टाकले. मग तोच पेला साबणाने घासून, तीनदा खळबळून पुन्हा मिठाचं पाणी भरलं आणि त्याचे चार थेंब दुसऱ्या नळीत. तिसऱ्या नळीत बाटलीतलं कोरं मिठाचं पाणी. तिन्हींत तपकिरी द्रावण घातलं आणि तिन्ही नळ्या खिडकीसमोर धरल्या.

"कोणती वेगळी दिसते?"

मामांनी उजवा डोळा बारीक केला. "ही. ही निळी झालीय. या दोन नाहीत. एवढंही आंधळं समजू नकोस मला."

"निळी आहे त्या पेल्यात अंडं राहिलं होतं. मी विसळला तरी. शेवटचे दोन वाफारे मी उलटे दिले मामा. अंडं आधी, मीठ नंतर. तुमच्या पिंजऱ्यांना अंडं माझ्या पेल्यातून गेलं. कार्डं बरोबर होती. तुम्ही काहीही चुकवलेलं नाही."

त्यांनी माझ्या हातातली निळी नळी घेतली आणि उजेडात धरून फिरवत राहिले.

"हे तुला कधी कळलं?"

"काल संध्याकाळी. घरी. चहा पिताना."

"दुपारी भांडत होतीस तेव्हा नव्हतं ठाऊक?"

"नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, आवाज एकदम चढवून, "मग उलटं का केलंस? नियम सांगितला होता ना तुला? मिठाचं आधी! मीच सांगितला होता, याच दारात उभं राहून!"

"भुसा बदलला होता तुम्ही. तासभर थांबायचं होतं."

"मग थांबायचं! तासभर बसायचं. मी चहा पाजला असता!"

बावीस वर्षांत कुणी ऐकला नसेल इतका त्यांचा आवाज मोठा झाला होता. दुसऱ्या प्रयोगांच्या पिंजऱ्यांमध्ये खुडबुड झाली. त्यांनी लगेच जीभ चावली आणि पिंजऱ्यांकडे बघून हळूच म्हणाले, "नाही रे, तुम्हाला नाही."

अकरा वाजता मी बाईंच्या टेबलावर तीन नळ्या आणि उघडी वही ठेवली. दशांशांच्या हातात जबाबाचा कागद होता. मी काय झालं ते क्रमाने सांगितलं, वेळांसकट. चूक माझी होती, पण कारणही मीच शोधलं होतं आणि ते पक्कं होतं.

बाईंनी समासातली ओळ दोनदा वाचली. "पेला विसळला," त्या मोठ्याने म्हणाल्या. मग दशांशांकडे वही सरकवली. "ही वही चार दिवस तुमच्याही टेबलावर होती. आणि माझ्याही. आपण सगळ्यांनी आकडे बघितले, वेळा कुणी बघितल्या नाहीत."

दशांशांनी वही वाचली, नळ्या बघितल्या, मग जबाबाच्या कागदाची नीट घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली आणि फाडली. "मामा," ते म्हणाले, "मी डोळ्यांवरून बोललो. बोलायला नको होतं."

"तुम्ही डोळ्याचं बोललात, खोटं नव्हतं ते," मामा म्हणाले. "पण काच धुवायला मी जाणार नाही."

"जायचं नाहीच," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा कडक होता. "कागदात तुझी चूक तुझ्या नावाने लिहिली जाईल. माझं पुढच्या महिन्यातलं भाषण मी पुढे ढकलते. सोळाच्या सोळा नवे उंदीर, पहिल्या इंजेक्शनपासून. सोळा जीव फुकट गेले, हे लक्षात ठेव."

"ठेवीन."

"परत वाफारा कोण देणार?"

"मीच," मी म्हटलं. "आता ही चूक माझ्याइतकी कुणालाच ओळखू येणार नाही."

"एक अट आहे," मामा म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. अट घालताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. "माझा डोळा होईस्तोवर हिने रोज सकाळी यायचं आणि कार्डं मोठ्याने वाचायची. आणि हिने धुतलेला पेला मी तपासणार. त्या निळ्या पाण्याने. निळा झाला तर परत घासायला लावणार."

"मंजूर," बाई म्हणाल्या. मला विचारलं नाही.

पुढचे सात आठवडे मी रोज साडेसातला हजर होते. "पांढरा एक. पांढरा दोन. लाल एक. लाल दोन." मामा मान हलवायचे. वाफाऱ्याच्या दिवशी पेला घासून झाला की ते चार थेंब घेऊन खिडकीत उभे राहायचे, आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "पास." एकदा म्हणाले, "नापास." मी धावत जाऊन बघितलं, तर द्रावण तपकिरीच होतं आणि ते गालातल्या गालात हसत होते.

दरम्यान त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी दारावरच्या पाटीपासून अग्निशामकाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांपर्यंत सगळं मोठ्याने वाचलं. त्यानंतर मी सकाळी यायची गरज राहिली नाही. मी येत राहिले.

या वेळी पाकीट फोडलं तेव्हा मामाही खोलीत होते. बाईंनीच बोलावलं होतं. लाल पिंजरे बावन्न ते साठ. पांढरे शून्य, शून्य, एक, शून्य. एक, शून्य, शून्य, शून्य.

"शून्य पॉइंट दोन पाच, दोन्ही पिंजरे," दशांश म्हणाले, आणि ते चक्क हसले.

"मला बघू द्या," मामा म्हणाले.

बावीस वर्षांत त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावलेला नव्हता. त्यांचं काम उंदीर जिवंत असेपर्यंतचं. मी लाल पिंजऱ्यातली एक स्लाइड लावली. त्यांनी नवा डोळा टेकवला. "हे किरमिजी, हाच तो कफ?" त्यांनी विचारलं.

"हो. या सगळ्या पेशींनी आपलं काम बदललंय."

"दाटीवाटी आहे. श्वास कसा घेत असतील?" त्यांनी मान वर केली. "आता पांढऱ्यातली लाव. पहिल्या पिंजऱ्यातली. आपल्या पिंजऱ्यातली."

मी लावली. निळसर, शांत अस्तर. एकीला एक खेटून उभ्या पेशी, वर केसांची बारीक किनार. किरमिजी कुठेच नव्हतं. मामा चाक हळूहळू फिरवत नळीच्या कडेकडेने पुढे गेले, वळणावर थांबले, परत मागे आले.

"मोजू का?" त्यांनी विचारलं.

"काय मोजणार मामा? काही नाहीच आहे."

"तेच मोजतो," ते म्हणाले, आणि स्टूल पुढे ओढून नीट बसले.